सर्व्हे क्रमांक म्हणजे गाव नव्हे

गावाचं नाव, सर्व्हे क्रमांक, क्षेत्रफळ चौरस मीटरमध्ये, आराखड्यातला झोन, मागितलेला झोन. गोव्याच्या राजपत्रात आणि वर्तमानपत्रांच्या आतल्या पानांवर गेली काही वर्षं अशा सूचना छापून येताहेत. आराखड्यातला झोन बहुतेकदा ऑर्चर्ड, नॅचरल कव्हर नाहीतर भातशेती. मागितलेला झोन सेटलमेंट. म्हणजे तिथे बागायत होती, डोंगरउतार होता, शेत होतं. आता इमारत उभी राहू शकते.

ही बारीक टायपातली सूचना वाचतं कोण? ज्याने अर्ज केला तो वाचतो, त्याचा वकील वाचतो, त्याचा आर्किटेक्ट वाचतो. गाव वाचतं ते जेसीबी डोंगरावर चढल्यावर. मग धावपळ सुरू होते. माहिती अधिकाराचा अर्ज, नकाशाची प्रत, जमिनीचा एक-चौदाचा उतारा, वकिलाची फी, रविवारच्या ग्रामसभेत आरडाओरड. आणि पंचायतीचं ठरलेलं उत्तर: तांत्रिक मंजुरी नगरनियोजन खात्याची आहे, सनद जिल्हाधिकाऱ्यांची आहे, आमच्या हातात काय आहे?

मला आज एकच गोष्ट सांगायची आहे. एकेका सर्व्हे क्रमांकाचा झोन बदलत जाणं हे नियोजन नव्हे. ती विक्री आहे, आणि तिच्यात जे विकलं जातं ते जमीनमालकाचं एकट्याचं नसतं. जमीन त्याची, मान्य. पण शेजारच्या विहिरीतलं पाणी त्याचं नाही. वाड्यातला आठ-दहा फुटांचा रस्ता त्याचा नाही. डोंगरावरून उतरणारं पावसाचं पाणी कुठून वाहून जायचं, ती वाट त्याची नाही. झोन बदलला की या सगळ्यांवरचा बोजा बदलतो, आणि तो बोजा वाहणाऱ्यांना कुणी विचारलेलं नसतं.

गोव्याला हे कळत नव्हतं असं नाही. २००६ च्या ऑगस्टमध्ये प्रादेशिक आराखडा २०११ अधिसूचित झाला. त्यात डोंगर, बागायती, किनाऱ्यालगतच्या मोकळ्या जागा मोठ्या प्रमाणावर बांधकामासाठी खुल्या केल्याचं लोकांनी नकाशे पाहून शोधून काढलं. डॉ. ऑस्कर रिबेलो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी गोवा बचाव अभियान उभं केलं. डिसेंबरात पणजीचं आझाद मैदान भरलं. जानेवारी २००७ संपण्याआधी प्रतापसिंह राणे सरकारने आराखडा मागे घेण्याची घोषणा केली. त्याच वर्षाच्या शेवटच्या दिवशी, ३१ डिसेंबरला, दिगंबर कामत सरकारला विशेष आर्थिक क्षेत्रं रद्द करण्याची घोषणा करावी लागली. एका वर्षात दोनदा लोकांनी सरकारला माघार घ्यायला लावली. ३,७०२ चौरस किलोमीटरच्या राज्याने करून दाखवलेली ही गोष्ट देशातल्या कुठल्याही महानगराला जमलेली मला आठवत नाही.

त्याहून महत्त्वाचं पुढे घडलं. आराखडा रद्द करून लोक घरी गेले नाहीत. नवा आराखडा करायला कृती दल नेमलं गेलं, त्यात वास्तुविशारद चार्ल्स कोरिया होते. गावागावांचे मसुदे पंचायतींकडे गेले. ज्यांनी आयुष्यात कधी जमीनवापराचा नकाशा हातात घेतला नव्हता अशी माणसं पंचायतीच्या सभागृहात टेबलांवर ओणवी होऊन इथे झर आहे, इथे गुरांची वाट आहे, हे शेत पावसात तळं होतं, इथे देवळाची तळी आहे, असं पेन्सिलीने दाखवू लागली. ज्या गोष्टी खात्याच्या सर्वेक्षणात कधीच येत नाहीत त्या त्या खुणांमध्ये आल्या. माझ्या मते हे गोव्यातलं मुक्तीनंतरचं सर्वांत मोठं लोकशिक्षण होतं. प्रादेशिक आराखडा २०२१ अधिसूचित झाला २०११ मध्ये. तो निर्दोष नव्हता. आम्ही दिलं एक आणि छापलं भलतंच, अशा तक्रारी अनेक गावांनी तेव्हाच केल्या. पण त्याने पर्यावरणदृष्ट्या नाजूक जमिनींचे दोन वर्ग आखले, गावांसाठी बांधकामाची मर्यादा ठरवली आणि निदान एक गोष्ट मान्य केली, की गावाचा नकाशा गावाला दाखवल्याशिवाय करायचा नसतो.

२०१२ मध्ये सरकार बदललं आणि आराखडा स्थगित झाला. पुढे तो पुन्हा वापरात आला, पण तोवर वाट सापडली होती. अख्खा आराखडा बदलायला गेलं की मैदान भरतं. मग एकेक भूखंड बदला. २०१८ मध्ये नगरनियोजन कायद्यात १६ब आलं. २०२३ मध्ये १७(२) आलं. २०२४ मध्ये ३९अ आलं. कलमांचे आकडे बदलले, दिशा बदलली नाही. मालकाने अर्ज करावा आणि त्याच्यापुरता झोन बदलून घ्यावा.

यातल्या १७(२) ने दिलेलं कारण नीट पाहा. आराखड्यात ‘अनवधानाने झालेल्या चुका’ दुरुस्त करण्यासाठी हे कलम. चूक दुरुस्त व्हायलाच हवी, त्याला कोण नाही म्हणेल? एखाद्याचं पन्नास वर्षं जुनं घर नकाशात शेत म्हणून दाखवलं गेलं असेल तर ती चूक आहे. पण मग लाखो चौरस मीटर जमिनीच्या चुका जवळपास सगळ्याच एका बाजूला कशा झाल्या? हिरवं होतं ते चुकून हिरवं होतं, आणि बांधकामाखाली आलं की बरोबर झालं? झऱ्याची जागा चुकून सेटलमेंट दाखवली गेली, ती परत संरक्षित करा, म्हणून कुणी गावकरी गेला असता तर त्याची फाइल त्याच वेगाने हलली असती का? आणि या बदलांत लोकांच्या हरकती ऐकायची सोयच नव्हती. चूक कुणाची, लाभ कुणाचा आणि ठरवणार कोण, हे सगळं खात्याच्या चार भिंतींत.

गोवा फाउंडेशन, खाजन सोसायटी ऑफ गोवा आणि गोवा बचाव अभियान न्यायालयात गेले. १३ मार्च २०२५ रोजी मुंबई उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठाने १७(२) खालचे नियम आणि मार्गदर्शक तत्त्वं रद्द केली आणि त्या कलमाचा आवाका आवळला. चूक दुरुस्तीच्या नावाने आराखडाच तुकड्या-तुकड्यांनी बदलता येणार नाही, हा त्याचा साधा अर्थ. गावकरी ग्रामसभेत जे दोन वर्षं बोंबलून सांगत होते तेच न्यायालयाला लिहून द्यावं लागलं. ३९अ मात्र तोपर्यंत कायद्यात येऊन बसलं होतं. त्यात हरकतींना तीस दिवस आहेत, एवढाच फरक. तीस दिवसांत गावाला कळणार कसं, याचं उत्तर त्यात नाही.

आता ‘गावाचं रूप’ म्हणजे काय, याविषयी. विरोध करणाऱ्यांना हिणवायला हे बरं पडतं: तुम्हाला शंख-शिंपल्यांच्या खिडक्या आणि रंगीत बलकांव जपायचे आहेत, फोटोसाठी. नाही. रूप म्हणजे दर्शनी भाग नव्हे. खाजन जमिनीचा बांध पाहिला आहे का? बांधात एक लाकडी दार असतं, त्याला मानस म्हणतात. ओहोटी लागली की आतलं पाणी ते दार ढकलून नदीत उतरतं. भरती आली की नदीचं खारं पाणी तेच दार लोटून बंद करतं. वीज नाही, पंप नाही. चंद्राच्या वेळापत्रकावर चालणारं यंत्र. आतल्या शेतात खारं पाणी सोसणारं कोरगुट भात पिकतं, पोंयीत, म्हणजे मानशीजवळच्या तळ्यात, मासळी मिळते, आणि मोठ्या पावसात अख्ख्या वाड्याचं पाणी तिथे विसावतं. गोव्यात अशी सुमारे १८ हजार हेक्टर जमीन माणसांनी शतकानुशतकं बांध घालून राखली. त्यातल्या एखाद्या तुकड्यावर चिऱ्याचा आणि मातीचा भराव टाकला की कागदावर हललेला असतो एक सर्व्हे क्रमांक. पाणी मात्र जागा सोडत नाही. ते पलीकडच्या घराच्या पायरीवर चढतं. त्या घरातली बाई दरवर्षी जुलैमध्ये तांदळाचा डबा उंच ठेवायला लागते, तेव्हा तिच्या गावाचं रूप बदललेलं असतं. याला मी रूप म्हणतो.

बेताबाहेरचं बांधकाम म्हणजे किती, तेही आकड्यांत पाहू. २०२१ च्या आराखड्यात गावांचे दोन वर्ग आहेत, एकाला ८० एफएआर (भूखंडाच्या क्षेत्रफळाच्या ८० टक्के बांधकाम), दुसऱ्याला ६०. म्हणजे दहा हजार चौरस मीटरच्या काजूच्या भाटाचं सेटलमेंट झालं की ८० च्या हिशेबाने आठ हजार चौरस मीटर बांधकाम. ऐंशी चौरस मीटरचा एक फ्लॅट धरला तर शंभर फ्लॅट. ज्या वाड्यात चाळीस घरं आहेत त्यात शंभर फ्लॅट! माणशी दिवसाला १३५ लिटर पाणी हे शहरांसाठीचं सरकारी माप. चारशे माणसांना रोज ५४ हजार लिटर. नळाला दिवसाआड तासभर पाणी येणाऱ्या गावात हे कुठून येणार? टँकरने. टँकर कुठून भरणार? कुठल्या तरी दुसऱ्या गावाच्या विहिरीतून. सांडपाणी कुठे जाणार? सोकपिटात, आणि तिथून खालच्या वाड्याच्या विहिरीत. पोहण्याच्या तलावांचं पाणी मी यात धरलेलंच नाही. हा हिशेब चौथीतलं पोरही करू शकतं. तांत्रिक मंजुरीच्या कागदावर तो कधी दिसत नाही.

‘तुम्ही विकासविरोधी’ या आरोपाला उत्तर द्यायचीही गरज नाही, इतका तो वापरून गुळगुळीत झाला आहे. पण दुसरा एक प्रश्न खरा आहे आणि त्याला टाळून चालणार नाही. गावातल्या तरुणांना घरं नकोत का? हवीत. नक्कीच हवीत. लग्न झालेल्या भावाला घराला एक खोली जोडायची असते आणि परवान्यासाठी त्याच्या चपला झिजतात. १९७५ चा मुंडकार कायदा होऊन अर्धं शतक लोटलं, तरी स्वतःच्या राहत्या घराखालची जमीन नावावर व्हावी म्हणून मुंडकार, म्हणजे भाटकाराच्या जमिनीवर घर असलेला माणूस, मामलेदाराच्या कचेरीत तारखा घेतो आहे. त्याच राज्यात हजारो चौरस मीटरच्या बागायतीचा झोन मात्र बदलून मिळतो. घरांची एवढी काळजी असेल तर आधी त्या मुंडकाराची फाइल उचला. आणि मेगा प्रकल्पात जी घरं होतात ती या तरुणांसाठी नसतात, हे सगळ्यांना माहीत आहे. रात्री गावातून जा आणि खिडक्यांमधले दिवे बघा. नाताळ आणि मे महिना सोडला तर अर्ध्या खिडक्या काळ्या. गुंतवणूक म्हणून घेतलेलं घर बंद राहतं, पण त्याच्यासाठी कापलेला डोंगर परत उभा राहत नाही.

सरकारलाही हे दिसत नाही असं नाही. भातशेती बिगरशेतकऱ्याच्या हाती जाऊ नये म्हणून २०२३ मध्ये याच विधानसभेने कायदा केला. चांगला कायदा. त्याच वर्षी १७(२) आलं. एका कायद्याने शेताला कुंपण घालायचं आणि दुसऱ्याने त्याला दार ठेवायचं. दोन्ही विधेयकांना हात वर करणाऱ्या आमदारांनी मतदारांना निदान एवढं सांगावं, की त्यांचं खरं मत कुठलं.

आता थोडं आपल्याच माणसांविषयी. मी या आंदोलनांच्या बाजूचा आहे, म्हणूनच बोलतो. पहिली गोष्ट, ‘बाहेरचे’ हा शब्द आपण फार सैलपणे वापरतो. दिल्लीचा बिल्डर आकाशातून पडत नाही. त्याला जमीन दाखवणारा आपल्या तालुक्यातला असतो, विकणारा आपल्या गावातला असतो आणि सही करणाऱ्याला आपण निवडून दिलेलं असतं. गावात भाड्याने राहून इमारतींवर राबणारा ओडिशाचा किंवा झारखंडचा मजूर तर यात कुठेच नाही. त्याच्यावर राग काढणं हा पळपुटेपणा आहे. लढाई झोनशी आहे, माणसांच्या जन्मगावाशी नाही.

दुसरी गोष्ट, आपल्या कुंपणाला चिकटून प्रकल्प आला तरच आपण ग्रामसभेला जातो. शेजारच्या वाड्याचा डोंगर कापला तेव्हा आपण रविवारची मासळी आणायला गेलो होतो. ज्या बैठकीला चाळीस माणसं असतात तिथे ठराव वाहून जातो, आणि चारशे असतील तर पंच सावरून बसतात. कायद्याचा फास असा आहे की पंचायतीने बांधकाम परवान्यावर तीस दिवसांत निर्णय घेतला नाही किंवा नाकारला, तर बिल्डर पंचायत उपसंचालकांकडे अपिलात जातो आणि तिथून परवाना घेऊन येतो. त्यामुळे ग्रामसभेचा नुसता ‘विरोध आहे’ असा ठराव फारसा टिकत नाही. ठरावात कारणं हवीत. रस्त्याची रुंदी मोजून, विहिरीची पातळी लिहून, डोंगराचा उतार सांगून, पाण्याची वाट नकाशावर दाखवून लिहिलेला ठराव अपिलात वकिलाच्या हाती शस्त्र होतो. २००८ च्या सुमारास सासष्टीतली किनारी गावं मेगा प्रकल्पांविरुद्ध उठली, गांव घर राखण मंचासारख्या संघटना उभ्या राहिल्या, २०२४ मध्ये सांकवाळच्या डोंगरावरच्या शेकडो सदनिकांच्या प्रकल्पाविरुद्ध लोक रस्त्यावर उतरले. घोषणांनी काम थांबतं. कायमचं रोखलं जातं ते कागदांनी, आणि ते कागद जमवणारी माणसं प्रत्येक गावात चार-पाचच असतात. बहुतेक वेळा त्यात एखादी निवृत्त शिक्षिका असते, एखादा बोटीवरून परतलेला असतो. त्यांना निदान झेरॉक्सचे पैसे द्या. त्यांच्यावर दावे ठोकले जातात तेव्हा न्यायालयाच्या आवारात त्यांच्या शेजारी उभे राहा.

मागणी अवघड नाही. भूखंडनिहाय झोनबदल देणारी तरतूद कुठल्याही आकड्याखाली असो, ती कायद्यातून काढा. आराखडा बदलायचा असेल तर अख्ख्या गावाचा, गावासमोर बदला. राज्यघटनेच्या ७४ व्या दुरुस्तीने जिल्हा नियोजन समित्या सांगितल्या, त्यांचं काम पंचायतींनी आणि पालिकांनी केलेल्या योजना एकत्र करणं हे आहे. म्हणजे योजना खालून वर यायला हव्यात. इथे मंजुरी वरून खाली येते आणि खालच्यांनी ती निस्तरायची. झोनबदलाची प्रत्येक सूचना पंचायतीच्या फलकावर, मराठी-कोंकणीत, नकाशासह लागलीच पाहिजे आणि ग्रामसभा झाल्याशिवाय हरकतींची मुदत संपता कामा नये. आणि पाणी, रस्ता, सांडपाणी या तिन्हींचा हिशेब जोडल्याशिवाय एकाही मोठ्या प्रकल्पाला तांत्रिक मंजुरी नको. गोव्यात १९१ पंचायती आहेत. एवढ्या गावांचे हिशेब मांडणं ज्या खात्याला झेपत नाही त्याने झोन बदलायचे अधिकारही ठेवू नयेत.

आणि शेवटी मुंबई-पुण्याच्या वाचकांशी दोन शब्द, कारण गोव्यातल्या या सदनिकांच्या जाहिराती तुमच्या रविवारच्या पुरवणीत पूर्ण पानभर येतात. गोव्यात घर घ्यायचं असेल तर जरूर घ्या. गावातलं जुनं घर दुरुस्त करून राहणाऱ्यांना गाव आपलं मानतं. पण नव्या प्रकल्पात पैसे घालण्याआधी विक्रेत्याकडे सर्व्हे क्रमांक मागा. प्रादेशिक आराखडा २०२१ मध्ये त्या क्रमांकाचा झोन काय होता ते बघा. तो बदललेला असेल तर कुठल्या कलमाखाली, कुठल्या तारखेला, ते लेखी विचारा. लेखी उत्तर हातात पडेपर्यंत टोकनचा एक रुपयाही देऊ नका.